बर्फात अडकलेली मते

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



माझी सारी नोकरी नागभीडला झाली. हायस्कुलात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले. हा विषय ज्यांनी शिकवला आहे त्यांना ठाऊक असेल, नागरिकशास्त्राच्या पुस्तकात एक धडा असा असतो की तो सुरू झाला की मागची दोन बाके डुलक्या घेऊ लागतात. तो धडा म्हणजे राष्ट्रपतींची निवडणूक. अप्रत्यक्ष निवडणूक, निर्वाचक मंडळ, मतांचे मूल्य, पसंतीक्रम! परीक्षेत त्यावर टिपा लिहा म्हणून दोन-तीन गुणांचा प्रश्न यायचा आणि मुले तो सरळ सोडून द्यायची. मीही त्यांना दोष देत नसे. आपल्या दारात मत मागायला न येणाऱ्या माणसाच्या निवडणुकीत मुलांना काय रस असणार?

एकदा मात्र हा धडा चालू असताना जवळच्या खेड्यातून सायकलने येणारी एक मुलगी उभी राहिली. मी नुकतेच सांगितले होते की संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सदस्य आणि सर्व राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मिळून राष्ट्रपती निवडतात. ती म्हणाली, "सर, पण एखाद्या ठिकाणी आमदारच नसन तं?"

मी म्हणालो, असे होत नाही. खाली बैस.

ते उत्तर चुकीचे होते. असे होते, झाले आहे, आणि तिचा तोच प्रश्न तिच्या जन्माच्या कितीतरी आधी एका वकिलाने नव्हे तर एका डॉक्टराने देशाच्या सर्वोच्च न्यायालयात विचारला होता. तो डॉक्टर आपल्या नागपूरचा होता. मला हे कळले ते बऱ्याच वर्षांनी. तेव्हा नागभीडहून नागपूरच्या इतवारी स्थानकापर्यंत छोटी गाडी धावायची. रूळ रुंद करण्यासाठी २०१९ मध्ये ती बंद झाली, तोवर आमचे निम्मे वाचन त्या गाडीच्या लाकडी बाकांवरच झाले. तर अशाच एका नागपूरच्या फेरीत ग्रंथालयात घटनेवरचे एक जाडजूड पुस्तक चाळताना तळटीप दिसली : डॉ. नारायण भास्कर खरे विरुद्ध निवडणूक आयोग, १९५७. नाव ओळखीचे होते. खटला मात्र नवा होता.

डॉ. खरे हे नाव आजच्या तरुणांना फारसे माहीत नसेल. जन्म पनवेलचा, कर्मभूमी नागपूर, पेशा वैद्यकीचा. १९३७ साली मध्य प्रांत आणि वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले तेव्हा ते त्याचे प्रमुख झाले. आपला तेव्हाचा चांदा जिल्हा त्याच प्रांतात होता. प्रांताच्या प्रमुखाला त्या काळी मुख्यमंत्री म्हणत नसत, पंतप्रधान म्हणत. म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीला नागपुरातच एक पंतप्रधान होता!

हे पंतप्रधानपद जेमतेम वर्षभर टिकले, आणि ते गेले तेही नेता कोणी निवडायचा याच प्रश्नावरून. १९३८ च्या जुलैत मंत्रिमंडळात दोन तट पडले. डॉ. खऱ्यांनी राजीनामा दिला, त्यांच्यासोबत दोघा वऱ्हाडी मंत्र्यांनी दिला. पंडित रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि मेहता या तिघा महाकोशलच्या मंत्र्यांनी मात्र पक्षश्रेष्ठींचा आदेश नाही म्हणून राजीनामा द्यायला नकार दिला. तेव्हा गव्हर्नरांनी त्या तिघांना काढून टाकले आणि खऱ्यांना पुन्हा मंत्रिमंडळ बनवायला सांगितले. १९३५ च्या कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे यात काही गैर नव्हते. मंत्री नेमणे हा गव्हर्नरचा अधिकार होता. पण काँग्रेसच्या दृष्टीने इंग्रज गव्हर्नरच्या हातून अशी सत्ता घेणे हाच गुन्हा होता. दोन-तीन दिवसांत खऱ्यांना पायउतार व्हावे लागले, वर्ध्याला विधिमंडळ पक्षाची बैठक झाली आणि शुक्ल नेते झाले. खरे पुढे काँग्रेसबाहेर गेले, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसले, अलवार संस्थानचे पंतप्रधान झाले, हिंदू महासभेकडून लोकसभेतही गेले. त्यांच्या या साऱ्या वाटा मला पटतात असे नाही. पण एक गोष्ट खरी. छापील नियमात काय आहे आणि प्रत्यक्षात सत्ता कोण देतो, यातले अंतर या माणसाने स्वतःच्या अंगावर झेलले होते. नियमाच्या शब्दावर बोट ठेवण्याची त्यांची सवय तिथून आली असावी, असे मला आपले वाटते.

आता १९५७ चे पाहू. डॉ. राजेंद्रप्रसाद १३ मे १९५२ रोजी राष्ट्रपती झाले होते. पाच वर्षांची मुदत मे १९५७ च्या मध्यावर संपत होती. घटनेचा नियम असा की मुदत संपण्यापूर्वीच नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे. त्याप्रमाणे ६ मे हा मतदानाचा दिवस ठरला. त्याच वर्षी देशात दुसरी सार्वत्रिक निवडणूक झाली होती. बहुतेक ठिकाणचे निकाल लागले होते. पण हिमाचल प्रदेश आणि पंजाबच्या डोंगराळ भागातल्या काही मतदारसंघांत बर्फामुळे मतदानच व्हायचे होते. तिथले प्रतिनिधी अजून निवडून आलेले नव्हते.

डॉ. खरे तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे साधे होते. घटनेच्या ५४ व्या कलमात लिहिले आहे की राष्ट्रपतीची निवड संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य करतील. काही सदस्य अजून निवडूनच आलेले नाहीत, मग मंडळ पुरे कसे झाले? आणि मंडळ अपुरे असेल तर निवडणूक घ्यायची कशी? आधी बर्फ वितळू द्या, तिथले लोक मत देऊ देत, मग राष्ट्रपती निवडा.

सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने निवडणूक थांबवायला नकार दिला. कारण असे दिले की निवडणुकीविषयीची शंका किंवा वाद न्यायालयात यायचा तो निवडणूक पूर्ण झाल्यावर, मधेच नाही. ठरल्या दिवशी मतदान झाले, राजेंद्रप्रसादांना ४,५९,६९८ मूल्याची मते मिळाली, दोघा प्रतिस्पर्ध्यांना मिळून पाच हजारही नाहीत. निवडणूक पूर्ण झाली, म्हणून खरे पुन्हा न्यायालयात गेले. आता न्यायालयाने सांगितले की १९५२ च्या कायद्याप्रमाणे ही निवडणूक आव्हानित करायची तर याचिका उमेदवाराची हवी, नाहीतर किमान दहा मतदारांची, म्हणजे दहा खासदार-आमदारांची. नुसता देशाचा नागरिक म्हणून येता येणार नाही.

म्हणजे पाहा, आधी गेले तर लवकर आलात, नंतर गेले तर तुम्ही कोण? गावातल्या तलाठ्याकडे हेलपाटे घातलेल्या माणसाला हा अनुभव नवा वाटणार नाही! पण न्यायालयाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. निवडणूक चालू असताना प्रत्येक आक्षेपावर ती थांबू लागली तर कुठलीच निवडणूक पार पडणार नाही. ग्रामपंचायतीची सुद्धा नाही. त्या निकालातले हे तत्त्व योग्यच होते. एवढेच की खऱ्यांनी विचारलेल्या मूळ प्रश्नाचे उत्तर कोणी दिलेच नाही. मंडळात जागा रिकाम्या असताना निवडलेला राष्ट्रपती वैध की अवैध? प्रश्न तसाच टांगलेला राहिला.

उत्तर दिले संसदेने, साडेचार वर्षांनी. पुढची राष्ट्रपती निवडणूक १९६२ च्या मे महिन्यात यायची होती आणि तिच्या तोंडावर पुन्हा सार्वत्रिक निवडणूक. पुन्हा बर्फ, पुन्हा रिकाम्या जागा, पुन्हा कोणीतरी खरे. तेव्हा अकरावी घटनादुरुस्ती आली. तिच्यावर सही झाली १९ डिसेंबर १९६१ रोजी, ज्या दिवशी गोवा मुक्त झाला. वर्तमानपत्रांत गोवाच गोवा असणार, या दुरुस्तीकडे कोणाचे लक्ष जावे? तिने दोन गोष्टी केल्या. उपराष्ट्रपती निवडण्यासाठी दोन्ही सभागृहांनी एका जागी जमून संयुक्त बैठक घ्यावी असा मूळ नियम होता, तो काढून टाकला. गंमत अशी की तोपर्यंत डॉ. राधाकृष्णन दोन्ही वेळा बिनविरोध निवडून आले होते, त्यामुळे अशा बैठकीत मतदान करण्याची वेळ एकदाही आली नव्हती. वापरण्याआधीच नियम गेला. दुसरी गोष्ट आपल्या विषयाची. ७१ व्या कलमात एक नवे पोटकलम घातले : निर्वाचक मंडळात कोणत्याही कारणाने जागा रिकामी असली तरी त्या कारणावरून राष्ट्रपतीची किंवा उपराष्ट्रपतीची निवडणूक आव्हानित करता येणार नाही.

कोणत्याही कारणाने. हे दोन शब्द लक्षात ठेवा.

इथे मी थोडा वेळ थांबतो, कारण या दुरुस्तीविषयी माझे मन अजून एका बाजूला झालेले नाही. १९८० च्या जानेवारीत लोकसभेची निवडणूक होती. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी, तोवर सारा एकच चंद्रपूर जिल्हा. नोकरीत मी नवा, त्यामुळे मतदानाचे काम लागले ते एटापल्लीच्या पलीकडच्या एका गावात. एसटी जाईल तिथवर एसटी, मग ट्रक, मग पायी. मतपेटी, मतपत्रिका, लाख, मेणबत्त्या, शिक्के, सारे वाहून न्यायचे. थंडी अशी की रात्रभर शेकोटी विझू दिली नाही. दिवसभर माडिया बायाबापड्या येत होत्या, अंगठा देत होत्या, पोलीस पाटील आमचे म्हणणे त्यांच्या भाषेत समजावून देत होता. वेळ संपली. रांगेत कोणी नव्हते. नियमाप्रमाणे पेटी बंद केली, लाखेने सील केली, कागद भरायला बसलो.

तेवढ्यात जंगलातून बारा-पंधरा माणसे आली. पुढे एक म्हातारा, मागे बाया, एकीच्या पाठीशी मूल. सकाळी उजाडता निघालेली, वाटेत नाला लागला म्हणून वळसा घालून आलेली. पोलीस पाटलाने त्यांना सांगितले की पेटी बंद झाली. म्हातारा काही रागावला नाही. त्याने पेटीकडे पाहिले, लाखेकडे पाहिले आणि विचारले (पाटलानेच मला सांगितले), की आमच्याशिवाय चालते काय?

चालते, असे उत्तर होते. मी ते दिले. दुसरे देताच येत नव्हते. मी सील फोडले असते तर त्या केंद्रातली सारीच मते बाद होण्याची पाळी. ती माणसे आमच्या शेकोटीशी बसली, आमच्याकडचा चहा घेतला आणि काळोखात परत गेली.

अकराव्या दुरुस्तीचा मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो म्हातारा आठवला. तीही हेच म्हणते, तुमच्याशिवाय चालते. राज्यकारभाराला हे म्हणावेच लागते, नाहीतर देश राष्ट्रपतीविना राहील. पण ज्याला हे म्हटले जाते तो दर वेळी लांबचाच का असतो? कधी बर्फातला, कधी जंगलातला. मुंबई-दिल्लीच्या मतदारसंघात निवडणूक राहिली आणि तिच्याशिवाय चालवून घेतले, असे सहसा ऐकू येत नाही. आज आपल्या गडचिरोलीत संवेदनशील केंद्रांवर मतदान सकाळी सातला सुरू होऊन दुपारी तीनलाच संपते, दुर्गम भागात कर्मचाऱ्यांना हेलिकॉप्टरने नेतात. नियम पाळायला सरकार कष्ट घेते हे मी पाहिले आहे. तरी तीन वाजता संपणारी वेळ चालत येणाऱ्यालाच आधी गाठते.

असो. खऱ्यांचा प्रश्न पुन्हा आला तो १९७४ मध्ये, आणि या वेळी बर्फ नव्हता. नवनिर्माण आंदोलनामुळे गुजरातची विधानसभा बरखास्त झाली होती. चार-दोन जागा नव्हे, एक आख्खे राज्य मंडळातून बाहेर! राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचे मत मागितले. न्यायालयाने सांगितले की मुदत संपण्याआधी निवडणूक घेतलीच पाहिजे, एखादी विधानसभा बरखास्त असली तरी. अकराव्या दुरुस्तीतले ते 'कोणत्याही कारणाने' आता कामी आले. फक्रुद्दीन अली अहमद राष्ट्रपती झाले, गुजरातच्या एकाही आमदाराच्या मताशिवाय. निकाल कायद्याने बिनचूक आहे. मात्र १९६१ मध्ये संसदेसमोर चित्र होते ते दऱ्याखोऱ्यांतल्या थोड्या उशिरा भरणाऱ्या जागांचे. तेरा वर्षांत त्याच वाक्यात सारे गुजरात मावले. नियमाचे असेच असते. ज्या कारणासाठी केला ते कारण लोक विसरतात, वाक्य तेवढे उरते.

त्याच १९७४ साली दुसराही एक दरवाजा लहान झाला, आणि त्याला कारण झाले हौशी उमेदवार. १९५२ च्या कायद्यात राष्ट्रपतिपदाचा अर्ज भरायला एक सूचक आणि एक अनुमोदक पुरे होता. त्यामुळे हौसेने उभे राहणारे पुष्कळ. चौधरी हरी राम म्हणून एक गृहस्थ १९५२ पासून दर वेळी उभे राहत. १९६७ ला उमेदवार झाले सतरा आणि त्यांतल्या नऊ जणांना एकही मत नाही! म्हणजे सूचक-अनुमोदकांनीही दिले नाही. १९७४ मध्ये दहा सूचक, दहा अनुमोदक आणि २,५०० रुपये अनामत असा नियम झाला. १९९७ मध्ये पन्नास सूचक, पन्नास अनुमोदक आणि १५,००० रुपये. निवडणुकीला आव्हान देण्यासाठी दहा मतदार लागत, ते वीस झाले. हसण्यावारी नेण्यासारखे उमेदवार गेले हे बरेच झाले. पण शंभर खासदार-आमदारांच्या सह्या ज्याच्यामागे नाहीत तो आता उभाच राहू शकत नाही. या नियमाखाली घटना समितीतले प्रा. के. टी. शाह १९५२ ला उभे राहू शकले असते का, मला शंका आहे. राष्ट्रपती थेट जनतेने निवडावा असा आग्रह शाहांनी घटना समितीत धरला होता. तो नामंजूर झाला, कारण लोकांनी थेट निवडलेला राष्ट्रपती आणि संसदेला जबाबदार पंतप्रधान अशा दोन तलवारी एका म्यानात राहायच्या नाहीत, असे नेहरूंसारख्यांचे मत पडले. शाह मग पहिल्याच निवडणुकीत राजेंद्रप्रसादांविरुद्ध उभे राहिले आणि त्यांना ९२,८२७ मते मिळाली. हरले, पण लढत झाली.

पसंतीक्रमाच्या पद्धतीविषयी मुले मला विचारत, एवढा खटाटोप कशाला? त्यांना मी १९६९ सांगत असे, कारण त्यात आपला एक मराठी माणूस आहे. व्ही. व्ही. गिरी, नीलम संजीव रेड्डी आणि आपले महाडकडचे सी. डी. देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, असे तिघे प्रमुख उमेदवार होते. जिंकायला हवे होते ४,१८,१६९. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. कोणीच पुरे नाही. मग मागचे उमेदवार एकेक बाद करून त्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजली. देशमुखांच्या मतांतला मोठा वाटा रेड्डींकडे गेला, तरी गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले आणि जिंकले. दुसऱ्या पसंतीवर राष्ट्रपती ठरला तो एवढाच प्रसंग. या निवडणुकीला आव्हान दिले गेले तेव्हा पदावरचा राष्ट्रपती सर्वोच्च न्यायालयात साक्ष द्यायला गेला. याचिका फेटाळली गेली, पण तो माणूस गेला, हे मला महत्त्वाचे वाटते.

कारण त्यानंतर पाचच वर्षांनी अगदी उलटे घडले. १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची लोकसभेची निवड रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयात सुनावणी ११ ऑगस्टला व्हायची होती. ७ ऑगस्टला लोकसभेत एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती आली, त्याच दिवशी मंजूर. ८ ला राज्यसभा, ९ ला राज्यांच्या विधानसभा, १० ला राष्ट्रपतींची सही. रविवार होता. पंतप्रधानांच्या निवडणुकीकडे न्यायालयाने पाहायचेच नाही, असा तिचा अर्थ होता. राष्ट्रपती-उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीचे वादही तिने न्यायालयाच्या हातून काढले. त्या ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने पंतप्रधानांविषयीचा मुख्य भाग घटनाबाह्य ठरवला, बाकीचे पुढे जनता राजवटीत चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने पूर्ववत झाले.

दोन्ही दुरुस्त्यांचा उद्देश एकाच वाक्यात सांगता येईल, निवडणुकीवरचा खटला टाळणे. म्हणून काही जण दोन्हींना एकाच मापाने मोजतात. मी मोजत नाही. अकरावी दुरुस्ती झालेली निवडणूक वाचवायला नव्हती. राजेंद्रप्रसादांचे आसन तेव्हा कोणी हलवत नव्हते. पुढच्या निवडणुकीत काय करायचे ते आधी ठरवून ठेवले, तेही प्रश्न उघड्यावर चार वर्षे पडल्यानंतर. एकोणचाळिसावी चार दिवसांत झाली आणि एका माणसासाठी झाली. खेळ सुरू होण्याआधी रेघ आखणे वेगळे आणि बाद झाल्यावर रेघ सरकवणे वेगळे, हे आमच्या शाळेच्या मैदानावर कबड्डी खेळणाऱ्या पोरांनाही कळते.

आता शेवटचा बदल, जो दिसत नाही, पण आपल्या जिल्ह्याशी त्याचा रोजचा संबंध आहे. राष्ट्रपती निवडताना प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य सारखे नसते. राज्याची लोकसंख्या घ्यायची, तिला आमदारांच्या संख्येने भागायचे, पुन्हा हजाराने भागायचे. महाराष्ट्राचे येते १७५. उत्तर प्रदेशाचे २०८, सिक्कीमचे ७. साऱ्या आमदारांच्या मतांची बेरीज करून ती खासदारांच्या संख्येने भागली की एका खासदाराच्या मताचे मूल्य निघते. ते बरीच वर्षे ७०८ होते. २०२२ च्या निवडणुकीत ते ७०० झाले. कारण? जम्मू-काश्मीरला त्या वेळी विधानसभाच नव्हती. डॉ. खऱ्यांचा प्रश्न पुन्हा आला, पण आता वाद झाला नाही. वर्तमानपत्रांत एक ओळ आली, मूल्य आठने घटले. द्रौपदी मुर्मू ६,७६,८०३ मतमूल्य मिळवून राष्ट्रपती झाल्या. पहिल्यांदाच आदिवासी समाजातली व्यक्ती त्या पदावर गेली, म्हणून आमच्या झाडीपट्टीत आणि पलीकडे गडचिरोलीत आनंद झाला तो वेगळा सांगायला नको. काश्मीरच्या रिकाम्या बाकांचा विचार त्या दिवशी मीही केला नाही, खोटे कशाला बोलू?

पण मी सांगत होतो लोकसंख्येचे. कोणती लोकसंख्या? मूळ नियम होता की शेवटची जनगणना, जिचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत ती. १९७६ मध्ये आणीबाणीतल्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने हे गोठवले. २००० सालापर्यंत १९७१ चीच जनगणना धरायची. हेतू वाईट नव्हता. कुटुंबनियोजन नीट करणाऱ्या राज्यांचे वजन घटू नये आणि पोरवडा वाढवणाऱ्यांचे वाढू नये. २००० जवळ आले तेव्हा २००१ च्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने मुदत पुढे ढकलली, ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत. २०११ च्या जनगणनेने हिशेब केला तर महाराष्ट्राच्या आमदाराचे मूल्य १७५ ऐवजी ३९० निघते. इतरांचीही वाढतील, कोणाची जास्त, कोणाची कमी. भांडण त्यावरूनच आहे आणि ते पुढे मोठे होणार, याची चिन्हे दिसत आहेत. दक्षिणेकडच्या लोकांची भीती मला खोटी वाटत नाही. उत्तरेकडच्या माणसाला आपले डोके मोजले जावे असे वाटते, तेही मला खोटे वाटत नाही.

आमचे नागभीड आता चिमूर विधानसभा मतदारसंघात येते. २०२२ मध्ये आमच्या आमदारांनी मुंबईला विधानभवनात जाऊन मत दिले, त्याचे मूल्य १७५ होते. हा आकडा ५ कोटी ४ लाख १२ हजार २३५ माणसांवरून निघाला आहे. १९७१ मध्ये मोजणीदार आमच्या घरी आला तेव्हा मी शाळकरी पोर होतो. ओट्यावर बसून त्याने नावे लिहून घेतली, आईने त्याला पाणी दिले. त्या यादीत माझे आजोबा होते, वडील होते, आई होती. त्यांतले आज कोणी नाही, पण राष्ट्रपतींच्या निवडणुकीच्या हिशेबात ते सारे आहेत. मीही आहे. माझी दोन्ही मुले, सून आणि तिसरीत शिकणारी नात त्यात नाहीत.